लहान वीजकेंद्र स्वस्त की मोठे?



आमच्या कन्हान गावाला विजेची ओळख करून द्यावी लागत नाही. थोड्याच अंतरावर खापरखेडा आणि कोराडी ही दोन मोठी औष्णिक वीजकेंद्रे आहेत. आसपास कोळशाच्या खाणी आहेत. मालगाडी जाऊ लागली की कोळशाच्या वाघिणी मोजणे हा इकडच्या मुलांचा जुनाच खेळ!

अशा गावातही कधी कधी अंधार होतो. एका वादळी संध्याकाळी झाड पडून तार तुटली आणि रात्रभर दिवे नव्हते. दुसऱ्या दिवशी अकरावीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर मला गाठले. ती म्हणाली, "सर, एवढी मोठी केंद्रे शेजारी असून उपयोग काय? त्यापेक्षा प्रत्येक तालुक्याला गॅसवर चालणारे एकेक लहान केंद्र का देत नाहीत? लांबच लांब तारा नकोत, राख नको, धूर नको. आणि लहान म्हणजे स्वस्तही पडेल ना?"

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही. "उद्या सांगतो," असे म्हणून मी सुटका करून घेतली आणि रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या रात्रीचा हिशेब येथे तुमच्यापुढे मांडतो. त्याला बेरीज, भागाकार आणि थोडे पदार्थविज्ञान एवढेच लागते.

संत्र्याची साल

प्रथम हे पाहू की यंत्रे मोठी का केली जातात. कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता सव्वाशे मेगावॉटहूनही कमी होती. त्याच कोराडीत २०१५ ते २०१७ या काळात जे तीन संच आले ते प्रत्येकी ६६० मेगावॉटचे आहेत. खापरखेड्याला आधी २१० मेगावॉटचे चार संच होते. पुढे पाचवा आला तो ५०० मेगावॉटचा. संच असे वाढत का गेले?

याचे उत्तर नागपुरी संत्र्यात आहे. एक मोठे संत्रे घ्या आणि त्याच्या निम्म्या व्यासाची आठ लहान संत्री घ्या. घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. म्हणून आठ लहान संत्र्यांचे एकूण घनफळ एका मोठ्या संत्र्याएवढेच भरेल. पृष्ठफळ मात्र व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रत्येक लहान संत्र्याची साल मोठ्याच्या चौथ्या हिश्शाइतकी. आठांची मिळून दुप्पट! म्हणजे तेवढ्याच आकारमानासाठी साल मात्र दुप्पट.

वीजकेंद्रातील टाक्या, नळ्या, बाष्पक यांचेही असेच आहे. आत किती वायू किंवा वाफ मावते हे घनफळावर ठरते, तर पोलाद किती लागेल आणि किती उष्णता बाहेर निसटेल हे बरेचसे पृष्ठफळावर ठरते. शिवाय १० मेगावॉटच्या केंद्रालाही पाळीवर चार माणसे, एक कुंपण आणि एक नियंत्रण कक्ष लागतोच. क्षमता दहापट केली म्हणून माणसे काही दहापट लागत नाहीत.

अभियंत्यांनी अनुभवावरून यासाठी एक ढोबळ नियम बसवला आहे: कारखान्याचा खर्च क्षमतेच्या ०.६ घाताच्या प्रमाणात वाढतो. १० चा ०.६ घात सुमारे ४ येतो. म्हणजे दहापट मोठे केंद्र दहापट नव्हे, साधारण चौपट खर्चात होते, आणि दर मेगावॉटमागे खर्च ४० टक्क्यांवर येतो. हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. सारखीच दहा इंजिने एका रांगेत मांडली तर यंत्रांचा खर्च दहापटच होणार. सौर तक्त्यांचेही तसेच. जेथे एकच यंत्र आकाराने मोठे होत जाते तेथे हा नियम ठीक चालतो.

जळलेला वायू काय करतो?

आता इंधनाकडे वळू. वायू टर्बाइनचे तीन मुख्य भाग असतात. पहिला संपीडक: तो बाहेरची हवा ओढून दाबतो. दुसरा ज्वलनकक्ष: दाबलेल्या हवेत तेथे नैसर्गिक वायू जळतो. तिसरा भाग प्रत्यक्ष टर्बाइन: तापलेले वायू त्याच्या पात्यांवर आदळत प्रसरण पावतात आणि दांडा फिरवतात. त्याच दांड्यावर संपीडक आणि वीज निर्माण करणारे जनित्र बसवलेले असते.

येथे एक गंमत आहे. सार्वजनिक वीजपुरवठ्यासाठी बसवलेला पहिला वायू टर्बाइन १९३९ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे सुरू झाला. त्याचा टर्बाइन १५,४०० किलोवॉट शक्ती निर्माण करी. पण त्यांपैकी ११,४०० किलोवॉट एकटा संपीडकच खाऊन टाकी! विजेसाठी उरत ४,००० किलोवॉट. इंधनातील उष्णतेच्या जेमतेम १७ टक्के भागाची वीज होई. कमावणारा एक आणि खाणारा घरातच, अशी ही अवस्था होती. पुढे अधिक तापमान सोसणारी पाती आणि अधिक चांगले संपीडक तयार झाले, तशी कार्यक्षमता वाढत गेली.

लहान टर्बाइनची येथेही अडचण होते. फिरणाऱ्या पात्याचे टोक आणि बाहेरचे कवच यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर पाते घासेल. समजा ही फट १ मिलिमीटर आहे. पाते ५० सेंटिमीटर लांब असेल तर फट त्याच्या पाचशेव्या भागाइतकी झाली. पाते ५ सेंटिमीटरचे असेल तर तीच फट पन्नासाव्या भागाइतकी! त्या फटीतून वायू काम न करताच निसटतो. म्हणूनच काही मेगावॉटच्या टर्बाइनची कार्यक्षमता साधारण २५ ते ३० टक्के असते, तर मोठ्या टर्बाइनची ३५ ते ४० टक्क्यांच्या घरात जाते.

उरणचा धडा

टर्बाइनमधून बाहेर पडणारे वायू ५०० ते ६०० अंश सेल्सिअस इतके तापलेले असतात. ते तसेच चिमणीतून सोडून दिले तर त्याला खुले चक्र म्हणतात. पण एवढ्या उष्णतेवर पाण्याची वाफ करून दुसरा, वाफेवर चालणारा टर्बाइन फिरवता आला तर? यालाच संयुक्त चक्र म्हणतात.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ साली 'बॉम्बे हाय' येथे तेल आणि वायू सापडला. तो वायू उरणच्या किनाऱ्यावर आला आणि १९८२ पासून तेथे राज्य वीज मंडळाचे वायू टर्बाइन चालू लागले. पहिले संच ६० मेगावॉटचे होते. नंतर प्रत्येकी १०८ मेगावॉटचे चार संच आले. सुरुवातीला हे सारे खुल्या चक्रावर चालत. १९९४ मध्ये १०८ मेगावॉटच्या संचांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारे १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच जोडले गेले. आता हिशेब करा:

वायू टर्बाइन : ४ × १०८ = ४३२ मेगावॉट
वाफेचे टर्बाइन : २ × १२० = २४० मेगावॉट
एकूण : ६७२ मेगावॉट

हे २४० मेगावॉट मिळवण्यासाठी वायूचा एकही जादा घनमीटर जाळावा लागत नाही. त्याच वायूत दीडपटीहून अधिक वीज! खुल्या चक्राची कार्यक्षमता २८ टक्के धरली तर संयुक्त चक्राची २८ × ६७२ ÷ ४३२, म्हणजे सुमारे ४३.५ टक्के येते. अलीकडची यंत्रे याच्याही बरीच पुढे गेली आहेत. फ्रान्समधील बूशँ येथील ६०५ मेगावॉटच्या केंद्राने २०१६ साली ६२ टक्क्यांची पातळी ओलांडली.

मग ५ मेगावॉटच्या टर्बाइनलाही वाफेचा संच का जोडू नये? कारण तो संच जेमतेम दोन-अडीच मेगावॉटचा होईल. पण त्यासाठी बाष्पक, वाफ थंड करणारी व्यवस्था, शुद्ध केलेले पाणी आणि ते सांभाळणारी माणसे हा सारा परिवार लागेलच. येथे संत्र्याची साल पुन्हा आडवी येते.

मात्र लहान केंद्रासाठी आणखी एक वाट आहे. मोटारीतील इंजिनासारखे, पण खोलीएवढे मोठे दट्ट्याचे इंजिन नैसर्गिक वायूवर चालवता येते. काही मेगावॉटच्या अशा इंजिनाची कार्यक्षमता ४० टक्के किंवा त्याहूनही थोडी अधिक असते. म्हणजे तेवढ्याच आकाराच्या टर्बाइनपेक्षा ते बरेच सरस. तेव्हा तालुक्याच्या केंद्रासाठी आपण हेच इंजिन घेऊ.

उभा खर्च आणि चालता खर्च

आता पैशाचा हिशेब. पुढील आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून धरले आहेत. ते कोणत्याही एका केंद्राचे नाहीत.

वीजकेंद्राला दोन प्रकारचे खर्च असतात. कर्जाचे व्याज, यंत्रांची झीज, पगार हा उभा खर्च. तो केंद्र चालो वा न चालो, करावाच लागतो. दुसरा इंधनाचा, म्हणजे चालता खर्च. रिक्षावाल्याला बँकेचा हप्ता रोज भरावा लागतो. इंधन मात्र चाके फिरतील तेवढेच लागते. अगदी तसेच.

समजा, वायूतून मिळणाऱ्या उष्णतेच्या एका युनिटला, म्हणजे ८६० किलोकॅलरींना, ३ रुपये पडतात. या ३ रुपयांना कार्यक्षमतेने भागले की विजेच्या एका युनिटचा इंधनखर्च मिळतो. आपली तीन केंद्रे अशी:

अ) १०० मेगावॉट, खुले चक्र, कार्यक्षमता एक-तृतीयांश. इंधन ९ रु. प्रति युनिट. उभा खर्च दर किलोवॉटला वर्षाला ६,००० रु.
ब) ६०० मेगावॉट, संयुक्त चक्र, कार्यक्षमता ५० टक्के. इंधन ६ रु. उभा खर्च ९,००० रु.
क) ५ मेगावॉटचे इंजिन, कार्यक्षमता ४० टक्के. इंधन ७.५० रु. उभा खर्च १०,००० रु.

उभ्या खर्चाला वर्षातील चालू तासांनी भागा आणि त्यात इंधनखर्च मिळवा. वर्षाचे एकूण तास ८,७६०. उत्तर असे येते (रुपये प्रति युनिट):

५०० तास चालल्यास : अ २१.००, ब २४.००, क २७.५०
१,००० तास : अ १५.००, ब १५.००, क १७.५०
४,००० तास : अ १०.५०, ब ८.२५, क १०.००
८,००० तास : अ ९.७५, ब ७.१३, क ८.७५

हे आकडे नीट पाहा. 'कोणते केंद्र स्वस्त?' हा प्रश्नच अपुरा होता! 'किती तास चालणारे केंद्र स्वस्त?' असे विचारायला हवे. वर्षभर अखंड चालवायचे असेल तर महागडे, पण इंधन वाचवणारे संयुक्त चक्र स्वस्त पडते. वर्षाला हजार तासांहून कमी, म्हणजे दिवसाला तीन तासांहूनही कमी चालवायचे असेल, तर इंधन उधळणारे पण बांधायला स्वस्त असे खुले चक्र बरे. सूर्य मावळला की सौर वीज थांबते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. अशा दोन-तीन तासांसाठी झटपट सुरू होणारे यंत्र हवे असते. खुल्या चक्राचा टर्बाइन किंवा वायूचे इंजिन काही मिनिटांत वीज देऊ लागते. थंड पडलेल्या संयुक्त चक्राला पूर्ण क्षमतेवर यायला काही तास लागतात.

दाभोळची गोष्ट

मोठेपणाची एक जोखीम असते. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात उभारलेल्या दाभोळ वीज प्रकल्पाने ती महाराष्ट्राला शिकवली. त्याचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ साली नाफ्था या इंधनावर सुरू झाला. नाफ्था महाग झाला, दर डॉलरशी बांधलेले होते, वीज घेणाऱ्या राज्य मंडळाला ती परवडेना. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एन्रॉन ही त्याची मूळ कंपनीही अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. पुढे २००५ साली स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे ते आले आणि २००६ मध्ये पुन्हा चालू झाले. त्याची पूर्ण क्षमता १,९६७ मेगावॉट. पण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचा पुरवठा आटल्यावर २०१३ नंतर काही काळ ते पुन्हा थांबले.

आपला धरलेला उभा खर्च एवढ्या क्षमतेच्या केंद्राला लावून पाहा. १,९६७ मेगावॉट म्हणजे १९ लाख ६७ हजार किलोवॉट. त्याला ९,००० ने गुणले की वर्षाला सुमारे १,७७० कोटी रुपये होतात. आणि एकही युनिट तयार झाले नाही तर? भागाकारात खाली शून्य! गणितात आपण त्याला 'अर्थहीन' म्हणतो. व्यवहारात तो खर्च कोणाच्या तरी माथी बसतोच.

दुसरीही एक गोष्ट आहे. ६६० मेगावॉटचा एक संच अचानक बंद पडला तर तेवढी वीज क्षणात नाहीशी होते आणि ती भरून काढायला दुसरीकडे राखीव क्षमता तयार ठेवावी लागते. ६६ मेगावॉटचे दहा संच एकाच क्षणी बंद पडण्याचा संभव फारच कमी. राखीव क्षमतेचाही खर्च असतो, आणि तो मोठ्या संचाच्या खात्यावर मांडायला हवा.

तारा की नळ्या?

माझ्या विद्यार्थिनीचे म्हणणे होते की तालुक्यातच केंद्र असले तर तारांचा खर्च वाचेल. हे खरे आहे. समजा, मोठ्या केंद्राची वीज आपल्यापर्यंत आणायला, वाटेतील गळती धरून, युनिटला १ रुपया पडतो. मग ८,००० तासांसाठी 'ब' ची वीज ८.१३ रुपये आणि आपल्या 'क' ची ८.७५ रुपये. अंतर ६२ पैशांवर आले!

पण तिने एक गोष्ट विसरली होती: तारा वाचवल्या तरी वायूची नळी लागणारच. कन्हानच्या जमिनीखाली कोळसा आहे, नैसर्गिक वायू नाही. वायू येतो पश्चिमेच्या समुद्राकडून, शेकडो किलोमीटरवरून. उरणचे केंद्र किनाऱ्यावर का आणि कोराडीचे कोळशाजवळ का, याचे उत्तर हेच. प्रत्येक तालुक्यापर्यंत उच्च दाबाची नळी टाकायची तर तिच्यातून पुरेसा वायू वाहिला पाहिजे, नाहीतर तिचाही उभा खर्च अंगावर येईल.

बिलात न दिसणारा खर्च

तरी राखेबद्दल ती म्हणाली ते विसरता येत नाही. आपल्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राख मिसळलेले पाणी कोलार व कन्हान नद्यांपर्यंत पोहोचले. याच कन्हान नदीचे पाणी नागपूर शहर पिते. वायूच्या केंद्रात राख होत नाही. आणि दर युनिटामागे निघणारा कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या केंद्राच्या जवळपास निम्मा असतो. नदीत गेलेल्या राखेचा खर्च विजेच्या बिलात छापलेला नसतो. तो नसतो असे मात्र नाही.

माझ्या हिशेबातील चूक

दुसऱ्या दिवशी हा सारा हिशेब मी फळ्यावर मांडला आणि निकाल दिला: अखंड वीज हवी असेल तर मोठे संयुक्त चक्र थोडे स्वस्त, आणि तालुक्याचे लहान केंद्र थोडे महाग.

ती वही घेऊन पुढे आली. म्हणाली, "सर, इंजिनात ४० टक्क्यांची वीज झाली. मग उरलेले ६० टक्के कुठे गेले?"

"धुरात आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात," मी म्हणालो.

"मग ते गरम पाणी एखाद्या दूध डेअरीला दिले तर? त्यांना दूध तापवायला रोज लागतेच ना?"

मी खडू पुन्हा हातात घेतला. ६० पैकी ३० टक्के उष्णता जरी वापरता आली, तरी विजेच्या दर युनिटामागे पाऊण युनिट उष्णता मिळते. तिची किंमत ०.७५ × ३ = २.२५ रुपये. ८.७५ मधून ती वजा केली की उरतात ६.५० रुपये. लहान केंद्राने ८.१३ रुपयांच्या मोठ्या केंद्राला मागे टाकले! मोठ्या केंद्राला हे साधत नाही, कारण शेकडो मेगावॉटच्या केंद्राची उष्णता घेणारी डेअरी आणायची कोठून? गरम पाणी तारेतून पाठवता येत नाही.

अट एवढीच, की उष्णता घेणारा शेजारीच हवा आणि त्याला ती रोज हवी. तसा शेजारी नसेल तर माझा पहिला निकाल कायम राहतो. पण उत्तर आकारावर नव्हे, शेजारावर ठरते, हे मला माझ्या विद्यार्थिनीने शिकवले.

करून पाहा : (१) उष्णतेच्या युनिटचा दर ३ ऐवजी २ रुपये धरा. 'अ' आणि 'ब' यांचा खर्च आता किती तासांना सारखा येतो? (२) डेअरी वर्षातून फक्त ४,००० तास उष्णता घेते, इंजिन मात्र ८,००० तास चालते. लहान केंद्राची वीज कितीला पडेल? (३) तुमच्या गावात रोज गरम पाणी किंवा वाफ लागणारे कारखाने, रुग्णालये, वसतिगृहे किती आहेत ते मोजा. तुमच्या तालुक्याला कोणते केंद्र परवडेल, हे त्या यादीवरून तुम्हीच सांगू शकाल.